मेजर गिलची दोन भिंगे

१८६४ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघाले. पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि प्राणिजीवन यांची शंभर चित्रे, असा त्याचा विषय. वर्णने जेम्स फर्ग्युसनची, छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिलची. चित्रे पाहू लागले की छापणाऱ्याची गफलत झाली असावी असेच वाटते, कारण प्रत्येक देखावा दोनदा आहे. तेच लेणे, तीच ओसरी, तोच खांब, शेजारीशेजारी. जरा निरखून पाहिले की फरक कळतो. डाव्या चित्रात पुढच्या खांबाआड दडलेली मागच्या कोनाड्याची कड उजव्या चित्रात सूतभर बाहेर आलेली असते.

ही जोडचित्रे नुसत्या डोळ्यांनी पाहायची नव्हतीच. त्यासाठी दोन भिंगांचे एक खोके लागे, स्टिरिओस्कोप. डोळे टेकवले की डाव्या डोळ्याला डावे चित्र, उजव्याला उजवे. क्षणभर सगळे डळमळते आणि मग कागद उरतच नाही. पुढचा खांब अंगावर येतो, भिंत मागे सरते, मधली मोकळी जागा जाणवते. अजिंठ्याच्या डोंगरातली पोकळी साता समुद्रापलीकडच्या दिवाणखान्यांत पोचली ती अशी.

आपल्याकडे गिल म्हटले की त्याची प्रेयसी पारो आठवते. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता आणि तिच्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये काढलेला चित्रपट यांनी ती गोष्ट घरोघर नेली. पारो कल्पनेतली नव्हे. १८५६ मध्ये ती वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे. पण त्या प्रेमकथेत गिलचे काम पार झाकून गेले, आणि माझ्या मते खरी नवलाई त्या कामात आहे. एकाच दरीत एकाच माणसाने खोली दाखवायचे दोन मार्ग चोखाळले. एक कुंचल्याचा, दुसरा भिंगांचा. दोन्ही अर्ध्यावरच पोचले. ते अर्ध्यावर का थांबले, याचा उलगडा व्हायला पुढची शंभर वर्षे गेली आणि तो उलगडा लेण्यांत नव्हे, माणसाच्या डोक्यात सापडला.

कागदोपत्री अजिंठा खानदेशात नाही. गिलच्या काळी तो निजामाच्या मुलखात होता, आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पण पाणी खानदेशचे. सातकुंडावरून कोसळणारी वाघूर लेण्यांच्या नालाकृती कड्याखालून वळसा घेते आणि उत्तरेला उतरून तापीला मिळते. जळगाव शहर आज ज्या धरणाचे पाणी पिते ते याच नदीवरचे. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर, वाटेत पहूर, घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर. जळगाव-भुसावळकडची माणसे 'लेण्यांवर जाऊन येतो' म्हणतात; कोणत्या लेण्यांवर, हे विचारावे लागत नाही. गिलचाही शेवट याच वाटेवर झाला, त्याकडे पुढे येऊ.

पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये, खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी जॉन स्मिथ नावाचा घोडदळातला अधिकारी शिकारीच्या नादात या दरीत उतरला आणि १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवता झाला. तारीखही आहे: २८ एप्रिल १८१९. आज ते नाव वाचायला मान वर करावी लागते, कारण स्मिथ शतकानुशतके साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर उभा होता. त्याच्यामागून हौशे-गवशे येऊ लागले, आणि चित्रांचे तुकडे भिंतीवरून काढून नेणारेही. फर्ग्युसन हा मुळातला निळीचा व्यापारी. १८३९ मध्ये त्याने लेणी पाहिली, १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रे नामशेष होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा लकडा लावला. कंपनी सरकारने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या गिलला या कामावर नेमले. तेव्हा तो चाळिशीत होता.

अठरा-एकोणीस वर्षे तो नकला करत राहिला. मोठमोठाले कॅनव्हास, त्यांवर तैलरंग. लेण्यांत अंधार, वटवाघळांची घाण, काजळी. बाहेर आग्या माश्या आणि एप्रिल-मेमधले ते ऊन. पुस्तकातून ही वर्षे एका ओळीत उरकली जातात, म्हणून त्याच्यापुढचा प्रश्न काय होता ते जरा जवळून पाहू.

पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी घ्या. भिंत म्हणजे मातीचा गिलावा. त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे मळलेले, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, पांढरा, आणि दूर अफगाणिस्तानातून आलेला राजावर्ताचा निळा. या रंगांना चकाकी नाही. चेहरा पाहा: कडेकडेने रंग गडद होत जातो, मध्ये उजळतो. नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर फिका हात फिरलेला. मात्र या चेहऱ्याची सावली मागच्या कशावरही पडत नाही. उजेड डावीकडून येतो की उजवीकडून, याला उत्तर नाही. पाहणाऱ्याच्या कपाळावरच दिवा असावा, तसा जो भाग समोर तो उजळ आणि जो वळून दूर जातो तो गडद.

हे आपसूक झालेले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे. त्यात छायेच्या तीन रीती सांगितल्या आहेत आणि तिला नाव दिले आहे वर्तना. एक पानाच्या शिरांसारख्या रेघांची, एक अगदी बारीक रेषांची आणि एक ठिपक्यांची. ज्याला उंचसखल भाग वेगळे दाखवता येतात त्यालाच चित्र कळले, असेही तो ग्रंथ बजावतो. त्याहून मला थक्क करतो तो बौद्ध ग्रंथ, महायान-सूत्रालंकार. असंगाच्या परंपरेतला, म्हणजे अजिंठ्याची ही चित्रे रंगली त्याच्या थोडा आधीचा. जग कसे भासते हे समजावताना त्यात चित्राचा दाखला येतो: नियमाने काढलेल्या चित्रात उंचवटा नसतो, खळगा नसतो, तरी ते दिसतात. ज्या पंथाच्या भिक्षूंसाठी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, या भिंती रंगवल्या गेल्या, त्याच पंथाच्या तत्त्वज्ञांना भिंत सपाट आहे आणि खोली पाहणाऱ्याच्या ठायी आहे हे नेमके ठाऊक होते.

गिलने हीच चित्रे तेलात उतरवली. तेलरंगाला तकाकी असते आणि ती घात करते. तिचा कवडसा डाव्या डोळ्याला एका जागी दिसतो, उजव्याला जरा सरकून. आणि तेवढ्यावरून समोर एक गुळगुळीत सपाट पृष्ठभाग ताणलेला आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. पुढच्या काळात नकलाकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवरच व्हार्निश फासले. ते पिवळे पडले, काळवंडले. १९२० नंतर निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून जे निघेल ते काढवले. नकलेसाठी मूळच बिघडवणे, याला काय म्हणावे!

आता भिंगांची गोष्ट. तिची सुरुवात लंडनमध्ये, गिल अजिंठ्याला यायच्या सहा वर्षे आधीची. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे दृष्टीविषयी निबंध मांडला. त्याचे म्हणणे वरवर साधे होते. आपले दोन डोळे सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत, त्यामुळे जवळच्या वस्तूची दोघांना दिसणारी चित्रे वेगळी असतात. आणि दोन चित्रांतला तो फरक हा दृष्टीचा दोष नसून खोलीचा पुरावा आहे. हे सिद्ध करायला त्याने आरशांचे यंत्र बनवले आणि मुद्दाम नुसत्या रेघांच्या आकृत्या घेतल्या. छाया नाही, रंग नाही, पोत नाही. खोलीची बाकी सगळी चिन्हे काढून टाकली, तरी दोन रेखाटने डोळ्यांत एक झाली आणि कागदावर नसलेला घन आकार उभा राहिला.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे बसवून ते यंत्र हातात मावेल एवढे केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने त्यात डोकावून पाहिले आणि मग युरोपभर त्याचे वेड लागले. श्रेय कोणाचे यावरून व्हीटस्टन आणि ब्रूस्टर वर्तमानपत्रात जाहीर भांडले, पण त्या भांडणाच्या पोटात एक खरा प्रश्न होता: खोली डोळ्यांना दिसते की मनाला? हे भांडण ऐन रंगात होते, त्याच सुमारास, १८५६ च्या आसपास, अजिंठ्याला गिलने कॅमेरा हातात घेतला.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे स्वयंपाकाइतका खटाटोप. सर्रास चाललेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा ओला थर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायचा आणि थर सुकण्याच्या आत चित्र घेऊन अंधारात धुवायचे. थर सुकला की काच वाया. खानदेश-अजिंठ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती घाई किती होत असेल हे सांगायला नको. शिवाय स्टिरिओसाठी काम दुप्पट: दोन भिंगांचा कॅमेरा तरी हवा किंवा एकच कॅमेरा तेवढ्या अंतरावर सरकवून दुसरे चित्र घ्यायचे.

पण या कलेसाठी जगात याहून चांगली जागा मिळाली नसती. १० क्रमांकाचे चैत्यगृह घ्या, इसवी सनापूर्वीचे. ३०.५ मीटर खोल, १२.२ मीटर रुंद, आत ३९ अष्टकोनी खांब आणि टोकाला स्तूप. एकाच दगडातून कोरलेले, म्हणून रंगही एकच. एका डोळ्याच्या छायाचित्रात असे खांब एकमेकांना चिकटतात, कुठला पुढे आणि कुठला मागे ते कळत नाही. जोडचित्रात मात्र ते सुटे होतात.

किती सुटे, याचा हिशेब मांडता येतो. चांगल्या नजरेच्या माणसाला दोन डोळ्यांतला सुमारे २० विकलांचा फरक कळतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. त्यावरून गणित केले तर एक मीटर अंतरावर दीड-दोन मिलिमीटरची पुढे-मागे जाणवते, दहा मीटरवर साधारण पंधरा सेंटिमीटरची आणि चैत्याच्या टोकाशी, तीस मीटरवर, जवळपास दीड मीटरची. अंतर दुप्पट झाले की ही ताकद चौपट घटते. वाघूरच्या पलीकडच्या तीरावरून कड्याकडे पाहणाऱ्याचे दोन डोळे म्हणूनच जवळजवळ एका डोळ्यासारखे. तिथे खोली दिसते ती इतर खुणांवरून.

गिलच्या दोन उद्योगांतली खरी गाठ इथे आहे. खांबांना भिंगांनी जी खोली दिली, ती चित्रांना देता येणार नव्हती. पद्मपाणीचे जोडचित्र घेतले तर डावा पद्मपाणी आणि उजवा पद्मपाणी तंतोतंत सारखे निघतात, कारण भिंत सपाट आहे. स्टिरिओस्कोपमध्ये तो चेहरा भिंतीला आणखीच घट्ट चिकटतो. शिल्पाला जिवंत करणारे यंत्र चित्राचे चित्रपण उघडे पाडते. उलट कुंचल्याने छाया कितीही हुबेहूब उतरवली, तरी दिवाणखान्यात दोन हातांवर टांगलेल्या कॅनव्हाससमोर पाहणाऱ्याचे दोन डोळे ती सपाटी विसरू देत नाहीत.

मेंदूत खोलीचा निवाडा एका साक्षीदारावर होत नाही. दोन डोळ्यांतला फरक हा एक साक्षीदार, छाया हा दुसरा, एकाने दुसऱ्याला झाकणे हा तिसरा, पोत चौथा, मान हलवल्यावर जवळचे झरझर आणि दूरचे सावकाश सरकणे हा पाचवा. ज्या वेळी ज्याची साक्ष पक्की, त्याचे वजन जास्त. अजिंठ्याचा चित्रकार छायेच्या साक्षीवर खटला जिंकायला निघाला होता, आणि लेण्यातले वातावरण त्याच्या बाजूचे होते. मंद उजेडात दोन डोळ्यांची सूक्ष्म पारख कमी होते. रंगाला चकाकी नाही, म्हणून पृष्ठभाग स्वतःची जागा सांगत नाही. चित्र भिंतभर पसरलेले, चौकट अशी नाही. दाराकडून परावर्तित होऊन येणारा किंवा दिव्याचा थरथरता उजेड. सपाटीची साक्ष द्यायला उभे राहावे तर एकाही साक्षीदाराचा आवाज फुटत नाही, आणि चेहरा भिंतीतून पुढे येतो.

पुढे येतो, हे महत्त्वाचे. युरोपीय चित्र खिडकीसारखे पलीकडे खोल जाते. अजिंठ्याचे चित्र खोलीत शिरत नाही, पाहणाऱ्याकडे येते, असे निरीक्षण स्टेला क्रामरिश यांनी दख्खनच्या चित्रकलेवरच्या १९३७ मधल्या ग्रंथात मांडले होते. चित्रसूत्राचे इंग्रजी भाषांतरही त्यांचेच, म्हणून त्या बोलण्याला वजन आहे. छायेविषयी प्रयोगशाळेतली कबुली फार उशिरा आली. १९८८ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांनी दाखवले की नुसते करडे गोल, वर उजळ आणि खाली गडद केले, तर फुगीर दिसतात. कागद उलटा धरला की तेच खळगे होतात. प्रकाश वरून आणि एकाच ठिकाणाहून येतो असे मेंदू धरून चालतो. अजिंठ्याच्या चित्रकाराने ही अट बंद बाह्यरेषेच्या जोरावर टाळली: रेषेने आकार बांधून घेतला आणि छायेला सगळीकडून आत वळवले.

गिलच्या नकलांचे पुढे काय झाले? त्या लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या. वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्या-हिवाळ्याला येऊ लागले. त्यांत पेस्तनजी बमनजी हा पुढे नावाजलेला चित्रकारही होता. ते काम १८८५ पर्यंत चालले आणि त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्यातल्याही शंभरावर नकला गेल्या. जे उरले त्यातून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड निघाले. या लेण्यांवरचे लेख वाचणाऱ्या डॉ. भाऊ दाजींचे काम कागदावर होते, ते वाचले. गिलची जोडचित्रेही वाचली. ज्या कामासाठी पगार मिळत होता ते आगीत गेले आणि ज्याला लोक छंद समजत ते टिकले.

क्रिस्टल पॅलेसच्या आगीनंतरही गिल अजिंठ्यातच राहिला. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि भुसावळ मोठे जंक्शन झाले. डॉक्टर, दवाखाना हवा तर तिकडेच धाव. १८७९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, गिल आजारी पडला. त्याला भुसावळला नेत असताना तो वारला आणि भुसावळच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात पुरला गेला. पारो घाटावर, हा घाटाखाली. कविता लिहायला हे पुरेसे आहे, ती लिहिलीही गेली, म्हणून इथे पुढे जाऊ.

व्हीटस्टन-ब्रूस्टर वादाचा निकाल लागायला १९६० उजाडले. बेला युलेश हा हंगेरीहून अमेरिकेला गेलेला रडार-अभियंता तेव्हा बेल प्रयोगशाळेत होता. त्याने संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन चौकोन काढवून घेतले. दोन्ही नुसता गोंधळ, कुठलाही आकार नाही. फक्त एका चौकोनातला मधला चौकोनी भाग काही ठिपके बाजूला सरकवलेला. एका डोळ्याला काहीच दिसत नाही. दोन डोळ्यांना मात्र मध्ये एक चौकोन हवेत तरंगताना दिसतो. हा चौकोन कुठल्याच डोळ्यात नव्हता, म्हणजे तो जन्मला डोळ्यांच्या मागे, मेंदूतच. १९६७ मध्ये बार्लो, ब्लेकमोर आणि पेटिग्रू यांना मांजराच्या दृष्टिपटलाच्या नव्हे तर मेंदूच्या मागच्या भागात, दोन डोळ्यांतल्या ठराविक फरकालाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या.

युलेशचे दुसरे आयुष्यभराचे वेड होते पोत. दोन पोत शेजारी ठेवले तर कधी त्यांची सीमा झटकन दिसते आणि कधी शोधावी लागते, असे का? त्याने सुचवले की मेंदू रेघांची टोके, तिरपेपणा, छेद असे बारीक घटक नजरेच्या पहिल्याच फटक्यात टिपतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले की मेंदूतल्या दृष्टीच्या पहिल्या थांब्यावर नैसर्गिक पोत आणि त्याची विस्कटलेली नक्कल यांत फारसा भेद होत नाही, दुसऱ्या थांब्यावर तो होतो.

पोत खोलीही सांगतो, हे जेम्स गिब्सनने १९५० मध्ये मांडले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करताना त्याला धावपट्टीवरून ते सुचले होते. पहूरच्या रस्त्याला कपाशीच्या शेताकडे पाहिले तरी कळते. पायाशी एकेक सरी, एकेक ढेकूळ मोजता येते. पुढे सऱ्या जवळ येत जातात, बोंडांचे ठिपके बारीक होतात आणि बांधाशी नुसता हिरवा-पांढरा लेप उरतो. हा साक्षीदार अजिंठ्याच्या चित्रकाराने बोलावलाच नाही. त्याच्या झाडांची पाने जवळ-दूर सारखीच, खडक ठोकळ्यांचे. दूरचे माणूस तो वर काढतो किंवा दुसऱ्याच्या आड ठेवतो आणि त्यावर भागवतो.

खानदेशात हा साक्षीदार कोणी फितवला असेल तर चाळीसगावच्या केकी मूस यांनी. कैखुश्रू माणेकजी मूस, जन्म मुंबईत २ ऑक्टोबर १९१२, मृत्यू चाळीसगावात ३१ डिसेंबर १९८९. इंग्लंडहून शिकून आल्यावर जवळजवळ पन्नास वर्षे ते रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडले. बंगल्याला नाव दिले रेम्ब्रांटचे. गिलचे झाले तेच त्यांच्याबद्दलही झाले: पंजाब मेलने येणाऱ्या कुणाची तरी रोज रात्री वाट पाहणारा माणूस, हीच गोष्ट सगळ्यांना पाठ. काम होते टेबलटॉप छायाचित्रणाचे. टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या आणि छायाचित्रात त्यांचा डोंगर, रान, आभाळ झाले पाहिजे.

या कलेची सारी गोम पोतात. कणांच्या आकारावरून मेंदू दृश्याचा आकार ठरवतो. कण पुरेसा बारीक आणि उजेड तिरपा असेल, तर वीतभर ढिगाचा डोंगर होतो; एखादा कण जाडा राहिला की बिंग फुटते. पाणी आणि धूर तर हमखास दगा देतात, कारण थेंबाला लहान होता येत नाही. दुसरी अडचण भिंगाची. जवळून घेतलेल्या चित्रात पुढचे-मागचे धूसर होते आणि त्या धूसरपणावरून वस्तू छोटी असल्याचे कळते. म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करायचे आणि तितका जास्त वेळ चित्र घ्यायचे. स्वतःच्या घरात, आपल्याच लयीत राहणाऱ्या माणसाला याहून सोयीचे काम नाही.

गिलचा कॅमेरा त्या टेबलासमोर ठेवला असता तर? अर्ध्या मीटरवरच्या देखाव्याची दोन भिंगांतली चित्रे इतकी वेगळी निघाली असती की डोंगर तत्काळ खेळणे झाला असता. खरा डोंगर दोन डोळ्यांत कधी एवढा फरक पाडत नाही. गिलला खोली मिळाली दोन भिंगांमुळे, मूस यांना एका भिंगामुळे.

लेण्यांवर जाणाऱ्याला हे स्वतः पडताळता येते. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपासून तीन-चार मीटरवर, कठडा असेल तिथे, स्थिर उभे राहायचे, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यासमोर मुठीची किंवा तिकिटाच्या कागदाची नळी धरायची, म्हणजे आजूबाजूची भिंत दिसत नाही. सपाटीचा मुख्य साक्षीदार घरी बसवला की वीस-तीस सेकंदांत गाल भरू लागतो. मान हलवली की पुन्हा भिंत. सतराव्या लेण्यातली उडती अप्सरा या कामाला अधिक बरी, कारण तिच्या गळ्यातले मोत्यांचे सर उडण्याच्या वेगाने एका बाजूला झुकलेले आहेत आणि एकेक मोती वेगळा गोल होताना दिसतो. सुट्टीच्या दिवशी पहिल्या लेण्यात रेटारेटी असते, नळी धरून उभे राहणाऱ्याला लोक पुढे ढकलतात. तेव्हा सरळ सतराव्यापासून सुरुवात करावी.